खाडीपलीकडचे स्थानक आणि सहा एकांची माळ

भिवंडीच्या दक्षिणेस उल्हास नदीची खाडी, आणि खाडीच्या पलीकडच्या काठावर डोंबिवली. माणकोलीजवळचा पूल झाल्यापासून हे अंतर फारच थोडे उरले आहे. सूत आणि कापडाच्या व्यापारात असलेल्या भिवंडीकरांना डोंबिवलीचे नाव दिवसातून एकदा तरी उच्चारावे लागते. परंतु त्या गावाच्या रेल्वे स्थानकाचे नाव गणिताच्या ग्रंथांत कायमचे नोंदले गेले आहे, हे फारसे कोणाच्या ध्यानी नसते. तेव्हाच्या जी. आय. पी. रेल्वेवर, मुंबईपासून सुमारे ३० मैलांवर, ‘डेम्लो’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या या स्थानकावर एका मराठी गणितप्रेमीला संख्यांच्या एका कुळाची कल्पना सुचली, आणि त्याने त्या संख्यांना स्थानकाचेच नाव देऊन टाकले. गणितात शोधाला राजाचे, आश्रयदात्याचे किंवा स्वतःचे नाव देण्याची रीत आहे. उपनगरी स्थानकाचे नाव देणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर हे बहुधा एकटेच असावेत.

या डेम्लो कुळातील एक संख्या अशी आहे की तिचा जन्म डोंबिवलीचा मानावा की राष्ट्रकूटांच्या मान्यखेटचा, असा प्रश्न पडावा. ती संख्या १२३४५६५४३२१. पेढीवरच्या भाषेत सांगायचे तर १२ अब्ज ३४ कोटी ५६ लाख ५४ हजार ३२१. डावीकडून वाचली काय किंवा उजवीकडून वाचली काय, ती तीच राहते. एकापासून एकेक पायरी चढत सहापर्यंत जाते आणि तितक्याच शिस्तीने खाली उतरते.

तिची घडण पाहण्यासाठी पाटी-पेन्सिल पुरेशी आहे. सहा एक शेजारी शेजारी लिहिले की १११११११ नव्हे, १११११ नव्हे, तर ११११११ होतात. मोजताना एक एक कमी-जास्त होण्याचा धोका येथे पहिल्याच पायरीला आहे. या संख्येला तिनेच गुणावे. गुणाकाराच्या सहाही ओळी एकसारख्याच, म्हणजे पुन्हा १११११११ किंवा १११११ न होता ११११११ याच येतात. फक्त प्रत्येक ओळ मागच्या ओळीपेक्षा एक घर डावीकडे सरकलेली असते. आता उभ्या घरांत किती एक पडले ते मोजावे. एककाच्या घरात एकच, दशकाच्या घरात दोन, शतकाच्या घरात तीन, असे मधल्या घरापर्यंत सहा. पुढे ओळी संपत जातात तसे पाच, चार, तीन, दोन, एक. कोठेही हातचा येत नाही. म्हणून घरांतील मोजणी जशीच्या तशी उत्तरात उतरते आणि सहा एकांचा वर्ग १२३४५६५४३२१ होतो. सर्व अंकांची बेरीज केली तर ती ३६, म्हणजे सहाचा वर्ग. तेही साहजिकच आहे, कारण सहा ओळींत प्रत्येकी सहा एक मांडले होते आणि त्यांतला एकही हरवलेला नाही.

ही झाली संख्येची बाहेरची शोभा. खरा प्रश्न तिच्या पोटात काय आहे हा आहे.

त्यासाठी अकराशे वर्षांहून अधिक मागे जावे लागते. राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष नृपतुंगाची राजधानी मान्यखेट, म्हणजे आजच्या कर्नाटकातील मालखेड. आदिपुराणकार जिनसेनाचार्यांचे नाव ज्या राजाशी जोडलेले आहे तोच हा राजा. त्याची सत्ता उत्तर कोकणावरही होती. कान्हेरीच्या लेण्यांतील इ. स. ८४३ च्या सुमाराच्या शिलालेखात सार्वभौम म्हणून अमोघवर्षाचे आणि त्याचा मांडलिक म्हणून शिलाहार पुल्लशक्तीचे नाव कोरलेले आहे. आज जेथे भिवंडीचे माग खडखडतात तो प्रदेश तेव्हा याच राज्याचा भाग होता. या अमोघवर्षाच्या काळात, इ. स. ८५० च्या सुमारास, दिगंबर परंपरेतील महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ हा ग्रंथ संस्कृतात रचला. नावातील साम्यामुळे घरातील लहान मुलांचा गोंधळ होतो, म्हणून सांगितलेले बरे: हे तीर्थंकर भगवान महावीर नव्हेत. भगवंतांना वंदन करून ग्रंथाचा आरंभ करणारे, त्यांच्यानंतर कित्येक शतकांनी झालेले हे गणिती.

ज्योतिषग्रंथाचा एखादा अध्याय म्हणून गणित लिहिण्याची तेव्हा प्रथा होती. महावीराचार्यांनी स्वतंत्र गणिताचा ग्रंथ लिहिला आणि लौकिक व्यवहारापासून पाकशास्त्रापर्यंत व वास्तूपासून वैद्यकापर्यंत गणिताचा संचार कसा आहे हे आरंभीच सांगितले. मुद्दल, व्याज आणि मुदत यांची उदाहरणे त्यात भरपूर आहेत. व्यापारी घरात तो ग्रंथ परका वाटू नये. संख्या शब्दांनी सांगण्याची त्यांची रीतही ओळखीची वाटेल. तीनसाठी ‘रत्न’, आठसाठी ‘कर्म’, सातसाठी ‘तत्त्व’ असे शब्द ते वापरतात. रत्नत्रय, अष्टकर्म आणि सप्ततत्त्वे पाठ असलेल्या विद्यार्थ्याला हा संकेत वेगळा शिकवावा लागत नसे.

गुणाकाराच्या उदाहरणांत आचार्यांनी मोठ्या हौसेने काही खास संख्या आणल्या आहेत. एक उदाहरण ११०११०११ गुणिले ९१ असे आहे. उत्तर १००२००२००१. मधोमध घडवलेल्या माळेसारखे दिसणारे हे उत्तर आचार्यांना राजपुत्राच्या गळ्यात शोभणाऱ्या कंठ्यासारखे वाटते. दुसरे, १५२२०७ गुणिले ७३. उत्तर आठ एक, १११११११११ नव्हे, नीट मोजून ११११११११. तिसरे, १२३४५६७९ गुणिले ९. उत्तर नऊ एक. १४२८५७१४३ ला ७ ने गुणले की १०००००००००१ नव्हे, १०००००००१ ही नव्हे, तर १००००००००१ येते: दोन टोकांना एकेक आणि मध्ये आठ शून्ये. असल्या संख्या लिहिताना हात किती सहज घसरतो, हे येथवर वाचकांच्या लक्षात आलेच असेल. शून्ये मोजण्याची सवय ज्यांच्या उपजीविकेचा भाग आहे त्यांना त्याचे नवल वाटणार नाही. आणि या सगळ्यांत एक उदाहरण २७९९४६८१ गुणिले ४४१ असे आहे. त्याचे उत्तर १२३४५६५४३२१.

या शेवटच्या उदाहरणाशी थांबले पाहिजे. १२३४५६५४३२१ ही संख्या मिळवण्याचा सोपा मार्ग सहा एकांचा वर्ग करणे हा आहे, आणि तो वर पाहिला. आचार्यांनी तो मार्ग उदाहरणात घेतला नाही. त्यांनी माळ दुसरीकडूनच ओवली. ४४१ म्हणजे २१ चा वर्ग. २७९९४६८१ हा आकडा पाहताना काहीच सुचत नाही, पण तोही वर्गच आहे, ५२९१ चा. आणि २१ गुणिले ५२९१ म्हणजे सहा एक. उदाहरण घडवणाऱ्याने सहा एकांची संख्या आतून उघडली, तिचे दोन भाग केले, दोन्ही भागांचे वर्ग केले, आणि विद्यार्थ्यासमोर मात्र दोन ओबडधोबड आकडे ठेवले. गुणाकार पूर्ण होताच त्यातून माळ बाहेर पडते. ही शिक्षकाची खोडी आहे, आणि ती खोडी करण्यासाठी संख्येचे गुणक आधी ठाऊक असावे लागतात.

सहा एकांचे मूळ गुणक पाच आहेत: ३, ७, ११, १३ आणि ३७. ते सापडण्याची एक वाट अशी. तीन एकांचा गट, १११, दोनदा लिहिला की सहा एक होतात. म्हणून ती संख्या १११ गुणिले १००१ आहे. १११ म्हणजे ३ गुणिले ३७, आणि १००१ म्हणजे ७ गुणिले ११ गुणिले १३. वर्गात हे पाचही गुणक प्रत्येकी दोनदा येतात. त्यामुळे १२३४५६५४३२१ ला निःशेष भाग देणाऱ्या संख्या एकंदर २४३ भरतात. प्रत्येक मूळ गुणक एकदाही न घेणे, एकदा घेणे किंवा दोनदा घेणे असे तीन पर्याय, आणि गुणक पाच. तीनाचा पाचवा घात २४३. ही संख्या विषम आली, कारण पूर्ण वर्गाच्या भाजकांची संख्या नेहमी विषमच असते: इतर सर्व भाजक जोडीजोडीने येतात, फक्त वर्गमूळ आपलीच जोडी असते.

अकरा अंकी संख्येच्या मानाने २४३ भाजक ही मोठी श्रीमंती आहे. शेजारच्या संख्येशी तुलना केली की ती कळते. सात एकांचा वर्ग १२३४५६७६५४३२१. दिसायला तितकाच देखणा, किंबहुना एका पायरीने उंच. पण सात एकांचे मूळ गुणक दोनच, २३९ आणि ४६४९. म्हणून त्या वर्गाला भाजक फक्त नऊ. आणि हे दोन गुणक शोधायचे कसे? २, ३, ५, ७ अशा क्रमाने मूळ संख्यांनी भागत जावे तर २३९ ही बावन्नावी मूळ संख्या आहे. एक्कावन्न भागाकार वाया गेल्यानंतर बावन्नावा लागतो. एकोणीस एकांची संख्या तर मूळच आहे, तिला फोडताच येत नाही. तेवीस एकांचीही तशीच. बाहेरून सर्व माळा सारख्या दिसतात, पण आतला दोरा प्रत्येकीचा वेगळा.

दोन संख्या गुणणे सोपे आणि गुणाकारातून त्या दोन संख्या परत काढणे अवघड, या एका विषमतेवर आजचा फार मोठा व्यवहार उभा आहे. १९७७ मध्ये रिव्हेस्ट, शमिर आणि एडलमन यांनी तिच्यावर आधारलेली गुप्तलेखनाची पद्धत मांडली. कंपनीची विवरणपत्रे दाखल करताना संगणकाला जोडली जाणारी डिजिटल सहीची छोटी किल्ली अनेकदा याच पद्धतीने काम करते. तिच्यातील संख्या २०४८ बिटांची, म्हणजे ६१७ अंकी असते, आणि ती दोनच प्रचंड मूळ संख्यांचा गुणाकार असते. ती संख्या उघड असली तरी तिचे दोन गुणक काढणे आजच्या संगणकांना साधत नाही, म्हणून सही सुरक्षित. मान्यखेटच्या आचार्यांनी डिजिटल सही शोधली असा याचा अर्थ कोणी काढू नये. आठ एकांत ७३ लपला आहे आणि सहा एकांतून २१ वेगळा काढता येतो, हे त्यांनी हाताने हुडकले, एवढाच याचा अर्थ आहे, आणि तेवढा पुरेसा मोठा आहे.

असे बजावण्याचे कारण आहे. समाजाच्या सभांतून ‘सर्व काही आपल्या ग्रंथांत आधीच आहे’ असे वाक्य वरचेवर ऐकू येते, आणि ऐकणाऱ्यांना ते गोड लागते. पण ज्या पेढीवर येणे फुगवून लिहिले जाते त्या पेढीच्या खऱ्या येण्यावरही कोणी विश्वास ठेवत नाही. महावीराचार्यांच्या खात्यावर जमा असलेल्या रकमा मोठ्या आहेत. ऋण संख्येला वर्गमूळ नसते हे त्यांनी स्पष्टपणे लिहिले. भिन्न छेदांसाठी लघुतम साधारण विभाज्य घेण्याची रीत ‘निरुद्ध’ या नावाने दिली. पण शून्याने भागले असता राशी बदलत नाही, असेही त्यांनी लिहिले, आणि ते चूक आहे. ही चूक सांगितल्याने आचार्यांची थोरवी कमी होत नाही. न सांगितल्याने मात्र बाकीच्या नोंदींविषयी वाचकाच्या मनात शंका राहते.

तीच काटेकोर वृत्ती कापरेकरांच्या बाबतीतही हवी. त्यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणूला झाला. शालेय शिक्षण ठाण्यास, महाविद्यालयीन शिक्षण पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये. १९२७ मध्ये त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक मिळाले आणि १९२९ मध्ये ते मुंबई विद्यापीठाचे पदवीधर झाले. त्यापुढची पदवी त्यांनी घेतली नाही. १९३० ते १९६२ अशी ३२ वर्षे ते नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तर होते. देवळालीची आरोग्यभुवने मुंबई-ठाण्याच्या जैन कुटुंबांना चांगली परिचयाची. उन्हाळ्यात हवापालटासाठी तेथे जाणाऱ्या कित्येकांनी या शिक्षकाला रस्त्याने जाताना पाहिलेही असेल.

१९३८ मध्ये ‘द मॅथेमॅटिक्स स्टुडंट’ या नियतकालिकात त्यांचा ‘अद्भुत डेम्लो संख्यां’वरील लेख आला. १, १२१, १२३२१, १२३४३२१ अशा एकांच्या वर्गांचे हे कूळ. सहाव्या स्थानावर आचार्यांची तीच संख्या उभी आहे. आचार्यांनी एक मणी पारखून त्याचे पैलू दाखवले. कापरेकरांनी संपूर्ण माळेला नाव दिले आणि तिचे नियम विचारले. एकाचे काम दुसऱ्याच्या नावावर लिहिण्याची गरज नाही.

माळेचे नियम विचारले की तिचा शेवट कोठे होतो हा प्रश्न येतोच. नऊ एकांचा वर्ग १२३४५६७८९८७६५४३२१. येथपर्यंत सर्व सुरळीत. दहा एकांचा वर्ग करताना मधल्या घरात दहा एक पडतात, आणि प्रथमच हातचा येतो. मधल्या घरात शून्य राहते, एक डावीकडे जातो. तेथे नऊ होते, त्यांचे दहा होतात. पुन्हा शून्य, पुन्हा हातचा एक. त्याच्या डावीकडे आठ होते, त्यांचे नऊ होतात आणि गडबड थांबते. उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१. चढणीवरचा आठ नाहीसा झाला. आता महावीराचार्यांचे तिसरे उदाहरण पुन्हा पाहावे: १२३४५६७९ गुणिले ९. तेथेही सातानंतर एकदम नऊ आहे, आठ नाही. दोन्ही ठिकाणी आठ गिळणारा एकच, दहाच्या घरातून आलेला हातचा. एकाला ८१ ने भागत गेले तर दशांश चिन्हापुढे ०१२३४५६७९ हेच अंक फिरून फिरून येत राहतात, त्याचेही कारण तेच. शाळेत ‘आठ कोठे गेला?’ हे कोडे म्हणून सांगितले जाते. हातचा कोठून आला हे दाखवले की कोडे संपते आणि गणित सुरू होते.

कापरेकरांची जगप्रसिद्धी झाली ती डेम्लोमुळे नव्हे, तर ६१७४ मुळे. चारही अंक एकच नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. अंक उतरत्या क्रमाने मांडून त्यातून चढत्या क्रमाची मांडणी वजा करावी. आलेल्या उत्तरावर तेच करावे. फार तर सात फेऱ्यांत ६१७४ येते आणि तेथेच स्थिर होते. हे त्यांना १९४६ मध्ये सापडले आणि १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी ते मांडले. ज्या संख्येच्या वर्गाचे दोन तुकडे करून मिळवले की तीच संख्या परत मिळते, तिला आज जगभर ‘कापरेकर संख्या’ म्हणतात: ४५ चा वर्ग २०२५, आणि २० अधिक २५ पुन्हा ४५. १४२८५७ ही याच जातीची. तिचा वर्ग २०४०८१२२४४९, आणि २०४०८ अधिक १२२४४९ म्हणजे १४२८५७. आचार्यांच्या सातच्या गुणाकारात जी संख्या सुरुवातीलाच डोकावते ती हीच. अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्येला त्यांनी ‘हर्षद’, म्हणजे आनंद देणारी, असे नाव दिले. हे नाव या मासिकाच्या वाचकांच्या घराघरांत एखाद्या काकांचे असेलच. ६१७४ ही हर्षद आहे, कारण तिच्या अंकांची बेरीज १८ आणि भागाकार ३४३. ४४१ हीही हर्षद आहे. १२३४५६५४३२१ मात्र नाही. ३६ सारख्या सम संख्येने विषम संख्येला निःशेष भाग जाणार कसा? आणि अंक मिळवून जी कोणत्याही लहान संख्येपासून तयार करता येत नाही अशा, २० सारख्या, ‘स्वयंभू’ संख्यांना देवळाली संख्या असेही म्हटले जाते. डोंबिवलीप्रमाणे देवळालीचेही नाव असे गणितात गेले.

हयातीत मात्र त्यांच्या वाट्याला उपेक्षा बरीच आली. देशातील अनेक व्यावसायिक गणिती त्यांचे काम क्षुल्लक समजत. दशमान पद्धत बदलली की यांतील बहुतेक गुणधर्म नाहीसे होतात, मग त्यांत सखोल ते काय, असा आक्षेप असे. आक्षेप निराधार नाही. पण संशोधनाच्या पुस्तिका पदरच्या पैशाने छापून वाटणाऱ्या शिक्षकाची टर उडवण्याचा अधिकार त्यातून मिळत नाही. मार्च १९७५ मध्ये अमेरिकेतील ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात मार्टिन गार्डनर यांनी त्यांच्या संख्यांवर लिहिले, आणि मग इकडेही त्यांचे नाव आदराने घेतले जाऊ लागले. तेव्हा कापरेकर सत्तर वर्षांचे होते. १९६६ मध्ये पत्नीचे निधन झाल्यानंतर निवृत्तिवेतनात भागेना, म्हणून त्यांना गणित-विज्ञानाच्या शिकवण्या कराव्या लागल्या होत्या. १९८६ मध्ये त्यांचे निधन झाले.

‘याचा उपयोग काय?’ हा प्रश्न व्यापारी घरात विचारला जाणारच. ६१७४ कडे नेणाऱ्या वजाबाकीत एक गोष्ट न चुकता घडते: प्रत्येक उत्तराला ९ ने भाग जातो. कारण अंक तेच राहून त्यांची घरे तेवढी बदलली आहेत, आणि अंक एका घरातून शेजारच्या घरात गेला की पडणारा फरक दहा आणि एक यांच्या अंतराच्या, म्हणजे नवाच्या, पटीतला असतो. संगणक येण्यापूर्वीच्या मुनीमजींना हे दुसऱ्या वाटेने ठाऊक होते. वर्षअखेरीस तेरीज जुळली नाही आणि फरकाला ९ ने भाग जात असला, तर ते प्रथम उलटे पडलेले अंक शोधत. सुताच्या बिलाचे ५,७४० रुपये खतावणीत ५,४७० असे चढले, तर फरक २७० चा, म्हणजे नवाच्या तीस पटी. अर्धी रात्र वाचवणारे हे गणित आहे. त्याच कारणाने नवाचा ताळा अशी चूक पकडू शकत नाही: ५,७४० आणि ५,४७० दोन्हींच्या अंकांची बेरीज १६ च. तेथे अकराचा ताळा उपयोगी पडतो. उजवीकडून एक अंक अधिक, पुढचा उणे, असे करत जावे. शेजारचे दोन भिन्न अंक परस्परांच्या जागी गेले की हे उत्तर बदलते. १२३४५६५४३२१ ला हा ताळा लावला तर उत्तर शून्य येते, कारण पाच गुणकांत ११ आहेच. जीएसटी क्रमांकाचे शेवटचे चिन्हही आधीच्या चौदा चिन्हांवरून काढलेले ताळ्याचे चिन्हच असते. उद्देश तोच, लिहिणाऱ्याचा हात घसरला तर कळावे.

‘गणितसारसंग्रहा’चा इंग्रजी अनुवाद एम. रंगाचार्य यांनी केला, तो १९१२ मध्ये मद्रासला प्रसिद्ध झाला. लक्ष्मीचंद्र जैन यांनी हिंदी अनुवादासह सिद्ध केलेली आवृत्ती १९६३ मध्ये आपल्या सोलापूरच्या जैन संस्कृति संरक्षक संघाने काढली. एखाद्या मंदिराच्या ग्रंथभांडारात ती मिळाली तर गुणाकाराची उदाहरणे मुलांकडून पाटीवर सोडवून घ्यावीत. उत्तर पूर्ण होताना त्यांचे चेहरे पाहण्यासारखे असतात.

तोवर या अंकासाठी एक उदाहरण. आठ एकांचा वर्ग १२३४५६७८७६५४३२१. आठ एक म्हणजे ७३ गुणिले १५२२०७, हे आचार्यांनी दिलेलेच आहे. सहा एकांच्या बाबतीत ४४१ आणि २७९९४६८१ ही जोडी त्यांनी जशी बनवली, तशीच जोडी आठ एकांसाठी घरातील मुलांनी बनवावी, गुणाकार हाताने करावा, आणि नवाचा व अकराचा असे दोन्ही ताळे लावून पाहावेत.